शिकारी, सावज आणि लोकराजा : राजर्षी शाहू छत्रपती

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर आपल्याला :
• शाहू महाराजांच्या जीवनातील ठळक घटना कालक्रमाने सांगता येतील;
• कोल्हापूर संस्थानातील चित्त्यांच्या शिकारीचे स्वरूप स्पष्ट करता येईल;
• चरित्रनायकाच्या एखाद्या छंदाचा त्याच्या कार्याशी असलेला संबंध तपासता येईल.

प्रस्तावना

विद्यार्थी मित्रहो, राजर्षी शाहू महाराजांचे नाव आपल्याला शाळेपासून परिचित आहे. आरक्षण, वसतिगृहे, सक्तीचे प्राथमिक शिक्षण, राधानगरीचे धरण या त्यांच्या कार्याची यादी आपण परीक्षेत अनेकदा लिहिली असेल. मात्र यादी म्हणजे चरित्र नव्हे. माणूस कोणत्या वाटांनी हिंडला, काय पाहून थांबला, हे कळल्याशिवाय त्याचे निर्णय समजत नाहीत. म्हणून या पाठात आपण महाराजांकडे थोड्या आडवाटेने, म्हणजे रानाच्या वाटेने, जाणार आहोत.

कोल्हापूरच्या नव्या राजवाड्यातील संग्रहालय आपण पाहिले असेल, तर तेथील पेंढा भरलेले प्राणी आणि शिकारीची जुनी छायाचित्रे आठवून पाहा. आज हिंस्र प्राणी आणि त्याचे भक्ष्य यांचा सामना टिपण्यासाठी छायाचित्रकार दूरदर्शी भिंग घेऊन तासन्‌तास दबा धरतात. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी कॅमेरा म्हणजे तिपाईवरची जड पेटी होती. चित्ता ताशी सुमारे १०० किलोमीटर वेगाने धावतो. ती धाव त्या पेटीत सापडणे जवळजवळ अशक्य होते. त्यामुळे त्या काळच्या छायाचित्रांत बहुधा शिकारीच्या आधीचा किंवा नंतरचा क्षण दिसतो : गाडीवर बसलेला चित्ता, अथवा पायाशी पडलेले सावज. मधला थरार पाहणाऱ्यांच्या डोळ्यांतच राहिला.

बालपण आणि जडणघडण

महाराजांचा जन्म २६ जून १८७४ रोजी कागलच्या घाटगे घराण्यात झाला. त्यांचे मूळ नाव यशवंतराव. मातृसुख त्यांना फार लवकर अंतरले. १७ मार्च १८८४ रोजी ते कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आले आणि शाहू छत्रपती झाले. राजकोटच्या राजकुमार महाविद्यालयात आणि त्यानंतर धारवाड येथे फ्रेझर या इंग्रज अधिकाऱ्याच्या मार्गदर्शनाखाली त्यांचे शिक्षण झाले. १८९१ मध्ये बडोद्याच्या खानविलकर घराण्यातील लक्ष्मीबाईंशी त्यांचा विवाह झाला. २ एप्रिल १८९४ रोजी, वयाच्या विसाव्या वर्षी, त्यांनी राज्यकारभार हाती घेतला.

धिप्पाड देह, कुस्तीचे वेड, घोडे आणि हत्ती यांची पारख, आणि शिकारीची विलक्षण ओढ ही त्यांची लक्षणे चरित्रकारांनी आवर्जून नोंदवली आहेत. त्या काळी शिकार हा संस्थानिकांचा रिवाजच होता. गोऱ्या पाहुण्यांचे आदरातिथ्यही तिच्याशिवाय पुरे होत नसे.

चित्त्याची पारध

कोल्हापूरची खासियत होती ती चित्त्याकरवी होणाऱ्या काळविटाच्या शिकारीची. तिची रीत समजून घेऊ. पाळीव चित्त्याच्या डोळ्यांवर चामड्याची टोपी चढवून त्याला बैलगाडीवर बसवीत. काळविटांच्या कळपाला शेतकऱ्यांच्या गाड्या रोजच्या पाहण्यातल्या असत. म्हणून गाडी वळसे घेत बरीच जवळ जाऊ शके. योग्य अंतरावर टोपी उतरवून चित्त्याला मोकळे सोडीत. मग काही क्षणांची जीवघेणी धाव होई. सावज हाती लागले तर चित्ता त्याचा गळा धरून ठेवी. राखणदार धावत जाऊन त्याला त्याचा वाटा देई आणि टोपी पुन्हा चढवी. पहिल्या काही शे मीटरांत सावज निसटले, तर चित्ता पाठलाग सोडून धापा टाकीत बसून राही.

येथे एक बाब लक्षात घ्या. बंदिवासात चित्त्याची वीण सहसा होत नसे आणि शिकार करायला आईकडून शिकलेला प्रौढ चित्ताच या कामी येई. म्हणजे प्रत्येक चित्ता रानातून पकडून आणावा लागे. तो पकडण्याचे आणि माणसाळवण्याचे कसब पिढीजात शिकाऱ्यांकडे होते. त्यांत फासेपारधी प्रमुख. चित्ते ज्या झाडांपाशी वारंवार येत, तेथे ते फासे मांडीत.

भाषेचा विद्यार्थी म्हणून या शब्दांकडेही पाहा. ‘चित्ता’ हा शब्द ठिपकेदार या अर्थाच्या संस्कृत ‘चित्र’शी नाते सांगतो आणि इंग्रजीनेही तो आपल्याकडूनच उचलला. ‘शिकार’ फारसीतून आली. ‘पारध’ या शब्दाचे मूळ संस्कृत ‘पापर्द्धि’ या शब्दात मानले जाते. दुर्दैव असे, की जो समाज या कसबावर जगला, त्याच्या नावाला पुढे इंग्रजी राजवटीत गुन्हेगारीचा शिक्का चिकटला. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने माणसाच्या कृत्याऐवजी त्याचा जन्मच संशयास्पद ठरवला.

रानातून दिसलेली माणसे

अशा छायाचित्रांखाली नावे असतात ती बहुधा राजाची आणि पाहुण्यांची. चित्त्याची साखळी धरलेल्या माणसाचे नाव क्वचितच आढळते. महाराजांच्या चरित्राचे महत्त्व हे, की त्यांनी साखळी धरणारा हातही पाहिला. शिकारीच्या निमित्ताने ते वाड्याबाहेर पडत, माळावर मुक्काम करीत, शेतकरी, धनगर, पारधी यांच्यात मिसळत. ज्यांना इतरांनी चोर म्हणून हाकलले, त्या फासेपारध्यांना त्यांनी आश्रय दिला, वसवले, कामे दिली आणि पहाऱ्यावरही नेमले. ज्याच्यावर चोरीचा संशय, त्याच्याच हाती राखण देणे, यात केवळ दया नव्हती. त्या माणसाच्या अब्रूवरचा विश्वास होता.

हीच दृष्टी त्यांच्या राज्यकारभारात दिसते. २६ जुलै १९०२ रोजी त्यांनी संस्थानाच्या नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांसाठी ५० टक्के जागा राखून ठेवण्याचा आदेश काढला. १९१७ मध्ये सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचे पाऊल उचलले. १९१८ मध्ये महार, मांग, रामोशी, बेरड या जातींवर लादलेली रोजची हजेरी बंद केली. मार्च १९२० मध्ये माणगावच्या परिषदेत त्यांनी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाला जाहीर पाठिंबा दिला. ६ मे १९२२ रोजी मुंबईत, वयाच्या अवघ्या ४७ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

चरित्राची दुसरी बाजू

चरित्र म्हणजे आरती नव्हे. भारतातून चित्ता नाहीसा झाला, याच्या कारणांत माळरानांचा ऱ्हास आणि भक्ष्याचा तुटवडा जसा येतो, तशीच संस्थानिकांची शिकार आणि त्यासाठी होणारी चित्त्यांची धरपकडही येते. एतद्देशीय चित्ते मिळेनासे झाल्यावर ज्या संस्थानांनी आफ्रिकेतून चित्ते आणवले, त्यांत कोल्हापूरही होते. १९४७ मध्ये आजच्या छत्तीसगडमधील कोरिया संस्थानात तीन चित्ते मारले गेले. देशातील अखेरच्या चित्त्यांत त्यांची गणना होते. १९५२ मध्ये चित्ता भारतातून नामशेष झाल्याचे जाहीर झाले. सप्टेंबर २०२२ मध्ये नामिबियातून आणलेले आठ चित्ते मध्य प्रदेशातील कुनो येथे सोडण्यात आले.

याच चित्रात दुसरी रेघही आहे. ज्या राधानगरी-दाजीपूरच्या रानात कोल्हापूरच्या राजघराण्याची राखीव शिकार चाले, ते रान त्यामुळेच कुऱ्हाडीपासून बरेचसे वाचले. महाराजांनी तेथेच भोगावतीवर धरणाचे काम सुरू केले. १९५८ मध्ये दाजीपूरचे रान गव्यांसाठी अभयारण्य झाले. ते महाराष्ट्रातील सर्वांत जुन्या अभयारण्यांपैकी एक होय. २०१२ पासून राधानगरीचा समावेश पश्चिम घाटाच्या जागतिक वारसास्थळांत आहे. जेथे बंदूक रोखली जाई, तेथे आज कॅमेरा रोखला जातो.

समारोप

शाहू महाराज शिकारी होते आणि दुबळ्यांचे राखणदारही होते. यांतील एक गोष्ट लपवून दुसरी सांगणे सोपे आहे. पण आपण चरित्राचे वाचक आहात, भाट नव्हे. बलवान आणि दुर्बळ यांचा सामना त्यांनी माळावर असंख्य वेळा पाहिला. तेथे दुर्बळाला पायांखेरीज आधार नव्हता. माणसांच्या राज्यात मात्र कायद्याचा आधार देता येतो, हे त्यांनी आपल्या २८ वर्षांच्या कारकिर्दीत दाखवून दिले. पुन्हा संग्रहालयात गेलात, तर छायाचित्राच्या कडेला उभ्या असलेल्या निनावी माणसाकडे क्षणभर अधिक पाहा.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. चित्त्याच्या शिकारीची रीत आठ-दहा ओळींत लिहा.
२. फासेपारध्यांविषयीचे महाराजांचे धोरण आणि १९१८ चा हजेरीबंदीचा निर्णय यांतील समान सूत्र सांगा.
३. चरित्रनायकाच्या उणिवा नोंदवल्याने चरित्राचे मूल्य वाढते की घटते? आपले मत सकारण मांडा.
४. आपल्या परिसरातील एखादे जुने छायाचित्र घ्या आणि त्यातील निनावी व्यक्तींविषयी वडीलधाऱ्यांकडून माहिती मिळवून १५० शब्दांत टिपण लिहा.