पंडिता रमाबाईंचे नित्यवाचन

पंडिता रमाबाईंचे नाव निघाले की शारदासदन, मुक्तिसदन आणि त्यांच्या धर्मांतरावरून उठलेले वादळ आठवते. त्या वादळाच्या मुळाशी असलेली एक साधी गोष्ट मात्र सहसा सांगितली जात नाही. ही विदुषी रोज नेमाने बायबल वाचीत असे, आणि वाचताना खोलीचे दार लावून घेत नसे.

नित्यपाठाची सवय त्यांना ख्रिस्ती धर्माने लावलेली नव्हती. २३ एप्रिल १८५८ रोजी त्यांचा जन्म झाला तो कर्नाटकातील गंगामूळच्या रानात. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकनिंदा पत्करून पत्नीला संस्कृत शिकविले होते. तीच आई, लक्ष्मीबाई, पहाटे घरकामाला लागण्यापूर्वी निजलेल्या मुलीला जागे करी व पाठ म्हणवून घेई. हाती पुस्तक नसे. आईचे तोंड हेच पुस्तक. भागवताचे हजारो श्लोक अशा रीतीने मुखोद्गत झाले. पुढे दुष्काळात आईवडील गेले, भावाबरोबर पायपीट करीत त्या १८७८ साली कलकत्त्यास पोहोचल्या, आणि तेथील विद्वानांनी त्यांना पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या.

शुभवर्तमानाशी त्यांची ओळख झाली आसामातील सिल्चर येथे. पती बिपिन बिहारी मेधावी यांच्या पुस्तकसंग्रहात लूककृत शुभवर्तमानाची बंगाली प्रत त्यांना सापडली. त्या ती आवडीने वाचू लागल्या. पत्नीने ख्रिस्ती व्हावे हे मात्र मेधावींना रुचणारे नव्हते. १८८२ च्या फेब्रुवारीत ते वारले. तान्ह्या मनोरमेला घेऊन रमाबाई पुण्यास आल्या आणि तेथे मराठीतून नव्या कराराचे रीतसर वाचन सुरू झाले. १८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या. कानाने कमी ऐकू येत असल्यामुळे वैद्यकी शिकण्याचा बेत सोडावा लागला. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदासदन उघडले आणि पुढच्याच वर्षी ते पुण्यास हलले. सदनात धर्मशिक्षण द्यावयाचे नाही, मुलींनी आपापला आचार पाळावा, असा नियम होता. रमाबाई आपल्या खोलीत मनोरमेसह वाचन व प्रार्थना करीत. उघड्या दारातून काही विधवा मुली आत येऊन बसू लागल्या. त्यांना बोलावले नव्हते, तसे हाकलूनही दिले नाही. पुण्यात गहजब झाला. नियम अक्षरशः मोडला नव्हता हे खरे. परंतु ज्यांना दुसरा आसरा नाही अशा मुलींवर आश्रयदात्रीच्या उपासनेचा प्रभाव पडणारच, या आक्षेपात तथ्य नव्हते असे म्हणता येणार नाही. रमाबाईंची बाजूही तितकीच स्वच्छ होती. स्वतःच्या धर्माचे आचरण चोरून करावयाचे, ही अट त्यांनी इतरांवर घातली नव्हती आणि स्वतःवर घालून घेण्यास त्या तयार नव्हत्या. १८९३ साली न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. पालकांनी अनेक मुली काढून नेल्या. दार उघडेच राहिले.

त्यानंतर केडगाव. १८९६-९७ आणि १९०० च्या दुष्काळांत रमाबाईंनी उपासमारीने खंगलेल्या मुली व स्त्रिया गोळा करून आणल्या. मुक्तिसदनातील संख्या दोन हजारांच्या आसपास गेली. त्यांतील बहुतेकींना अक्षरओळख नव्हती. त्यांना वाचायला शिकविणे जमले, पण प्रचलित मराठी बायबलची भाषा संस्कृतप्रचुर, पंडिती. खेड्यातल्या बाईने रोज उघडावा असा ग्रंथ हवा, तर तो तिच्या बोलीजवळचा हवा. संस्कृतात मुरलेल्या या बाईने संस्कृत शब्द गाळण्याचा चंग बांधावा, हा योगायोग मोठा विलक्षण.

त्यासाठी रमाबाई उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. संस्थेचा व्याप सांभाळून जवळजवळ अठरा वर्षे भाषांतराचे काम चालले. खिळे जुळविण्यापासून छपाईपर्यंतची कामे मुक्तीतील स्त्रियाच करीत. मुळाशी शब्दशः निष्ठा राखण्याच्या हट्टामुळे काही ठिकाणी वाक्ये अडखळतात, आणि मंडळ्यांमध्ये बायबल सोसायटीचेच भाषांतर रूढ राहिले. तरीही संपूर्ण बायबल एकट्या स्त्रीने मूळ भाषांवरून आपल्या भाषेत आणल्याची उदाहरणे जगात फारच थोडी.

जुलै १९२१ मध्ये मनोरमा गेली. संस्थेचा वारसा तिच्याकडे सोपविण्याचा विचार तिथेच संपला. शेवटची मुद्रिते तपासणे तेवढे उरले. काम पुरे करण्यापुरते आणखी दहा दिवस रमाबाईंनी देवाजवळ मागितले होते, असे मुक्तीत सांगतात. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले. तेव्हा मुद्रिते तपासून झाली होती. १९२४ साली केडगावच्याच छापखान्यातून तो ग्रंथ बाहेर पडला.