बिशप कॉटन : मैदान, चॅपल आणि गोराई नदी

कॉटन हे नाव भारतात अपरिचित नाही. किंबहुना ते अतिपरिचयामुळेच गोंधळात पडलेले आहे. गोदावरीवर बंधारा बांधणारा सर आर्थर कॉटन वेगळा, १९०४ साली मुंबईच्या काँग्रेसचे अध्यक्षस्थान भूषविणारा आणि गौहातीच्या महाविद्यालयास ज्याचे नाव मिळाले तो सर हेन्री कॉटनही वेगळा. ज्याच्या नावाची शाळा सिमल्यात आहे आणि बंगळुरातही आहे, तो जॉर्ज एडवर्ड लिंच कॉटन, कलकत्त्याचा बिशप, ह्या दोघांहून निराळा होता. त्याच्या नावाच्या शाळेत आपण शिकलो, असे अभिमानाने सांगणारी माणसे प्रवासात पुष्कळ भेटतात. पण हा गृहस्थ कोण, हे विचारले असता बहुधा मौन पदरी पडते. साहित्याच्या अभ्यासकाला मात्र तो एका वेगळ्या वाटेने भेटतो. इंग्रजी शालेय कादंबरीच्या उगमाशी उभे असलेले एक निनावी पात्र त्याच्यावरून बेतलेले आहे.

कॉटनचा जन्म २९ ऑक्टोबर १८१३ रोजी चेस्टर येथे झाला. पिता सैन्यात कॅप्टन होता. मुलगा जेमतेम पंधरा दिवसांचा असताना, नेपोलियनविरुद्धच्या युद्धात नीव्हेलच्या लढाईत तो आपल्या तुकडीच्या अग्रभागी पडला. वेस्टमिन्स्टर शाळा आणि केंब्रिजचे ट्रिनिटी कॉलेज हा पुढील क्रम त्या काळच्या रीतीला धरूनच होता. त्यात विस्ताराने सांगण्यासारखे फार नाही. केंब्रिजला त्याची मैत्री जमली ती रग्बी शाळेतून आलेल्या, डॉक्टर टॉमस अर्नोल्डच्या प्रभावाने भारलेल्या तरुणांशी, एवढे ध्यानात ठेवले म्हणजे पुरे. गुरूचे दर्शन होण्यापूर्वीच तो त्या संप्रदायात दाखल झाला होता, असे म्हणता येईल.

१८३७ साली अर्नोल्डने त्याला रग्बीत साहाय्यक शिक्षक म्हणून बोलावून घेतले. तेव्हा कॉटन तेवीस वर्षांचा होता. रग्बीतील शिक्षकवर्गाची स्थिती अर्नोल्डच्या आगमनापूर्वी कशी होती, हे येथे सांगावयास हवे. शिक्षक वर्गात शिकवीत आणि उरल्या वेळात आसपासच्या चर्चमधून धर्मोपदेशकाची चाकरी करून प्राप्तीची तोंडमिळवणी करीत. मुलांची राहण्याची घरे चालविणे हा गावातील लोकांचा व्यवसाय होता. अर्नोल्डने शिक्षकांचे वेतन वाढविले, बाहेरच्या चाकऱ्या बंद केल्या, राहण्याची घरे एकेका शिक्षकाच्या हाती सोपविली आणि शिक्षकांच्या नियमित सभा भरवून शाळेच्या कारभारात त्यांना सहभागी करून घेतले. शिक्षक हा पेशा आहे, फावल्या वेळचा उद्योग नव्हे, ही कल्पना येथून रुजली. १८३१ साली अर्नोल्डने चॅपलमधील उपदेशकाचे पदही स्वतःकडे घेतले आणि रविवारचे प्रवचन हा शाळेचा केंद्रबिंदू बनला. कॉटनला एक घर मिळाले, आणि चॅपलमधून घुमणारा तो आवाज पाच वर्षे ऐकावयास मिळाला. १८४२ च्या जूनमध्ये अर्नोल्ड अकस्मात हृदयविकाराने गेला. कॉटन मात्र पुढेही दहा वर्षे रग्बीतच राहिला.

खेळांविषयी एक गैरसमज आपल्याकडे फार दृढ झालेला आहे. मैदानातून चारित्र्य घडते, हा सिद्धान्त अर्नोल्डचा, असे शिक्षणशास्त्राची पुस्तके सांगत आली. वस्तुतः अर्नोल्डला खेळांचे वावडे नव्हते, इतकेच. तो मैदानाच्या कडेला उभा राहून खेळ पाही; परंतु त्याच्या शिक्षणविचारात खेळाला तात्त्विक स्थान नव्हते. रग्बीतील फुटबॉल मुलांचा मुलांनी चालविलेला होता, आणि त्याचे नियम १८४५ साली प्रथम छापले गेले तेही मुलांनीच लिहिलेले होते. त्या वेळी कॉटन शाळेत शिक्षक होता. मुलांनी आपल्यासाठी निर्माण केलेल्या ह्या छोट्या प्रजासत्ताकाचा उपयोग शाळेच्या शासनाला करून घेता येईल, हे त्याच्या मनात तेथेच रुजले असले पाहिजे, असे अनुमान पुढील घटनांवरून निघते.

ती संधी त्याला १८५२ मध्ये मार्लबरो येथे मिळाली. मार्लबरो कॉलेज १८४३ साली मुख्यतः धर्मोपदेशकांच्या मुलांसाठी स्वस्त दरात चालावे म्हणून स्थापन झाले होते. डाकगाड्यांच्या वाटेवरील एक प्रशस्त खाणावळ, आगगाडी आल्यामुळे ओस पडलेली, हीच त्याची मूळ वास्तू. वार्षिक शुल्क अत्यल्प, मुलांची संख्या थोड्याच वर्षांत पाचशेच्या घरात, शिक्षक अपुरे, अन्न निकृष्ट. मोकळा वेळ कसा घालवावा हे मुलांना कोणी सांगितले नव्हते. तेव्हा ती आसपासच्या शेतांची कुंपणे मोडीत, सॅव्हरनेकच्या अरण्यात चोरटी शिकार करीत, खारींवर शिसे बसविलेल्या काठ्या फेकीत. १८५१ च्या उत्तरार्धात उघड बंड झाले. फटाके, फुटलेल्या खिडक्या, शिक्षकांची विटंबना हे प्रकार काही दिवस चालले आणि पहिल्या मुख्याध्यापकाला पद सोडावे लागले. अशी ही कर्जबाजारी आणि बेबंद संस्था कॉटनच्या हाती आली.

त्याने काय केले? प्रथम, वरच्या वर्गातील मुलांना एकत्र करून स्पष्ट सांगितले की ह्या शाळेचे राज्य तुम्ही चालवावयाचे आहे. तुमच्याने ते होणार नाही असे दिसले तर मी पद सोडून जाईन. दुसरे, रग्बीतून आणि विद्यापीठांतून त्याने तरुण, अविवाहित शिक्षक आणले. पगार बेताचाच, परंतु हे लोक मुलांबरोबर जेवणारे, मुलांबरोबर मैदानात उतरणारे होते. फ्रेडरिक फरार त्यांच्यापैकीच एक. ह्या फरारचा जन्म १८३१ साली आपल्या मुंबईत झाला होता, एका मिशनऱ्याच्या घरी. १८५८ मध्ये त्याने 'एरिक' ही अश्रुपूर्ण शालेय कादंबरी लिहिली आणि पुढे तो मार्लबरोचा मुख्याध्यापकही झाला.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. १८५३ साली कॉटनने पालकांना एक पत्रक धाडले. मुलांनी मोकळा वेळ शेजाऱ्यांच्या शेतात न घालविता शाळेच्या मैदानावर घालवावा, त्यासाठी क्रिकेट आणि फुटबॉल ह्यांची नीट व्यवस्था असावी, आणि त्याचा खर्च ठरावीक वर्गणीतून भागवावा, अशी ती योजना होती. इंग्रजी शाळांच्या इतिहासात संघटित खेळांचा प्रारंभ ह्या कागदापासून धरण्याची रीत इतिहासकारांत आता रूढ आहे. मूळ हेतू पाहता तो किती व्यावहारिक होता! मुले डोळ्यांसमोर राहावीत, दमून झोपावीत, शेतकऱ्यांच्या तक्रारी थांबाव्यात. साम्राज्य, पौरुष, संघभावना हे मोठे शब्द त्यात मागाहून भरले गेले.

ते कोणी भरले, ह्याचे उत्तर साहित्यात सापडते. १८५७ साली टॉमस ह्यूजची 'टॉम ब्राउन्स स्कूल डेज' ही कादंबरी प्रसिद्ध झाली. तिच्या शेवटाकडे क्रिकेटचा सामना चालू असताना टॉम एका तरुण शिक्षकाशी बोलत बसलेला आहे. क्रिकेट हा नुसता खेळ नसून ती एक संस्था आहे, त्यात व्यक्ती आपल्यासाठी खेळत नाही, अशा आशयाचा तो संवाद. ह्या तरुण शिक्षकाला कादंबरीत नाव नाही. परंतु तो कॉटन होय, हे रग्बीच्या वाचकांनी तत्काळ ओळखले. गंमत अशी की ज्या विचाराचे श्रेय वाचकांनी अर्नोल्डच्या पदरी टाकले, तो कादंबरीत अर्नोल्डच्या तोंडी नाहीच. त्याच्या साहाय्यकाच्या आणि एका मुलाच्या तोंडी आहे.

त्याच वर्षी हिंदुस्थानात उठाव झाला. बहादुरशहा जफरला कैद करणारा आणि दुसऱ्या दिवशी, २२ सप्टेंबर १८५७ रोजी, दिल्लीच्या वेशीपाशी निःशस्त्र शहजाद्यांना स्वतःच्या हाताने गोळ्या घालणारा विल्यम हॉडसन हा कॉटन शिक्षक असतानाच्या रग्बीचा विद्यार्थी होता. उर्दू साहित्याच्या अभ्यासकांना हा प्रसंग सांगावयास नको. पुढच्या मार्चमध्ये हॉडसन लखनौला मारला गेला. त्याची कबर ला मार्टिनियर ह्या शाळेच्या आवारात आहे.

कलकत्त्याचा वृद्ध बिशप डॅनियल विल्सन १८५८ च्या जानेवारीत निवर्तला आणि त्या जागी कॉटनची नियुक्ती झाली. मे महिन्यात वेस्टमिन्स्टर ॲबीत त्याला दीक्षा मिळाली आणि नोव्हेंबरमध्ये, राणीचा जाहीरनामा वाचला गेला त्याच महिन्यात, तो कलकत्त्यास पोहोचला. शाळामास्तरास एकदम अवघ्या हिंदुस्थानचा धर्माधिकारी करणे पुष्कळांना विचित्र वाटले. स्वभावाने तो संथ आणि गंभीर होता. वक्तृत्वाची देणगी त्याला नव्हती, मात्र बोलण्यात कोरडा विनोद असे. पंजाबपासून ब्रह्मदेशापर्यंत पसरलेल्या त्या अवाढव्य धर्मप्रांतात आठ वर्षे तो अखंड फिरत राहिला. स्कॉटिश पंथाच्या सैनिकांना इंग्लिश चर्चच्या वास्तूंत उपासना करू द्यावी, असे मत दिल्यामुळे स्वपक्षीयांचा रोषही त्याने ओढवून घेतला. तथापि त्याच्यातला मुख्याध्यापक बिशपच्या झग्याखाली दडून राहिला नाही.

२८ जुलै १८५९ हा दिवस सरकारने उठावातून मुक्तता झाल्याबद्दल आभारप्रार्थनेचा म्हणून जाहीर केला होता. त्या दिवशी जमणाऱ्या दानातून सिमल्यास एक शाळा काढावी, असे कॉटनने सुचविले. मैदानी प्रदेशातील उष्णतेत वाढणाऱ्या आणि मायदेशी पाठविण्याची ऐपत नसलेल्या युरोपीय व मिश्रवंशीय कुटुंबांतील मुलांसाठी थंड हवेच्या ठिकाणी बोर्डिंग शाळा असाव्यात, ही त्यामागील योजना. लॉर्ड कॅनिंगने १८६० मध्ये तिला सरकारी अनुदानाचा आधार दिला. १८६३ साली सिमल्याजवळ जतोग येथे शाळा सुरू झाली. कलकत्त्यात १८२३ पासून चाललेली सेंट पॉल्स शाळा १८६४ मध्ये दार्जिलिंगला हलली. तेथील जलापहाडची मिळकत विकत घेतली गेली ती ब्रायन हॉजसनकडून. नेपाळातील बौद्ध संस्कृत हस्तलिखिते युरोपला दाखविणारा तोच हा पंडित. बंगळूरची शाळा १८६५ ची. ती पेटिग्रू नावाच्या धर्मोपदेशकाने काढली. ह्या परंपरेतील शाळांचा आराखडा मार्लबरोचाच होता : सकाळी चॅपल, वरच्या वर्गातील प्रीफेक्टांचे राज्य, तिसऱ्या प्रहरी मैदान. फक्त खारींच्या जागी देवदारावरची माकडे आली.

येथे प्रस्तुत लेखकाला एक विसंगती अस्वस्थ करते. कॉटनने हिंदुस्थानात असताना एक प्रार्थना रचली. सर्व राष्ट्रांची माणसे परमेश्वराने एकाच रक्ताची घडविली आहेत, ह्या विचाराने तिचा आरंभ होतो. इंग्लिश चर्चच्या प्रार्थनाग्रंथांत ती पुढेही छापली जात राहिली. आणि त्याच माणसाने काढलेल्या शाळांच्या दारावर रक्ताची विचारपूस होत होती. सिमल्याची शाळा ज्या दानातून उभी राहिली, ते दान एका विजयाच्या कृतज्ञतेचे होते. त्या विजयात दिल्लीची काय अवस्था झाली, हे गालिबच्या पत्रांचा वाचक जाणतो. कॉटन ढोंगी नव्हता. मिश्रवंशीय मुलांची कोणी दाद घेत नाही, हे दुःख त्याला खरोखर जाणवले होते. पण शाळा म्हणजे एक कुटुंब, ही रग्बीची कल्पना परक्या भूमीवर आणताना कुटुंबाबाहेर कोण राहतो, हा प्रश्न त्याने विचारला नाही, आणि चॅपलमध्ये तो विचारला जाण्याची सोयही नव्हती. आठ वर्षे त्याच्या कलकत्त्यात विद्यासागर होते, मायकेल मधुसूदन दत्तांचे 'मेघनादवध काव्य' १८६१ मध्ये तेथेच प्रसिद्ध झाले. ज्या माणसाचे सारे आयुष्य शाळेत गेले, त्याची कल्पनाशक्तीही शाळेच्या आवाराएवढीच राहिली, असे काहीसे कठोर वाटले तरी म्हणावे लागते.

६ ऑक्टोबर १८६६ रोजी तो पूर्व बंगालमधील कुष्टिया येथे होता. त्या सायंकाळी तेथील दफनभूमीचा पवित्रीकरणविधी आटोपून तो गोराई नदीत नांगरलेल्या आगबोटीकडे परतला. अंधार पडू लागला होता. फळीवरून बोटीवर चढताना त्याचा पाय घसरला आणि ओढीच्या प्रवाहाने त्याला क्षणात खाली खेचले. शोध झाला, पण देह सापडला नाही. वय त्रेपन्नही पूर्ण नव्हते. त्याच कुष्टियालगत छेउरिया गावी लालन फकीर त्या वेळी जात आणि धर्म ह्यांच्या पलीकडल्या माणसाची गाणी गात होते. एका नदीच्या काठची ही दोन माणसे एकमेकांच्या कानी कधी गेली असतील, असे मानण्यास आधार नाही.

१८६८ साली जतोगची शाळा सिमल्यातील तिच्या कायमच्या जागी गेली, आणि कालांतराने तिला कॉटनचे नाव मिळाले. तिच्या पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्यांत मरीला जन्मलेला रेजिनाल्ड डायर होता. १३ एप्रिल १९१९ रोजी अमृतसरला त्याने जे केले, त्याचे उत्तरदायित्व शाळेवर टाकणे अन्यायाचे होईल. हॉडसनचे रग्बीवर टाकणे जितके अन्यायाचे, तितकेच. परंतु शाळेच्या नामावळीतून ते नाव वगळताही येत नाही. त्याच नामावळीत पुढे १९४० नंतरच्या दशकात रस्किन बाँड यांचे नाव येते. फाळणीच्या दिवसांत ह्या शाळेतील आपले मुसलमान मित्र एका रात्रीत कसे दूर गेले, ते त्यांनी लिहून ठेवले आहे; त्यांपैकी एका मित्राची आठवण मैदानाशीच, शाळेच्या हद्दीवरील एका चोरवाटेशी जोडलेली आहे.