कुंभाराचा जमाखर्च

वाणिज्य शाखेच्या मुलांना मी बरीच वर्षे हिशेब शिकवतो आहे. स्थिर खर्च आणि बदलता खर्च हे प्रकरण आले की वर्ग पेंगू लागतो. उदाहरण ठरलेले असते. एक कारखाना, एवढे भाडे, एवढा कच्चा माल, दर नगाचा खर्च काढा. मुले उत्तर बरोबर काढतात. पण याच गणिताने कधीकाळी एका माणसाच्या झोपेचे खोबरे केले होते, हे त्यांच्या गावीही नसते. म्हणून मी पुस्तक मिटतो आणि जोसाया वेजवूडची हकिकत सांगतो.

वेजवूड जन्मला १७३० मध्ये, इंग्लंडातल्या स्टॅफर्डशायरमध्ये, बर्स्लम या कुंभारांच्या गावी. घराणे पिढीजात कुंभारांचे, आणि भावंडांच्या रांगेत हा शेंडेफळ. नवव्या वर्षी वडील गेले. पुढे देवी आल्या. त्यातून पोर वाचले, पण उजवा गुडघा कायमचा अधू झाला. चाकावर बसून पायाने जोर देणे जमेना. मग माती, झिलई आणि भट्टीची आच यांचे प्रयोग करायचे आणि ते वहीत टिपून ठेवायचे, हा त्याचा नाद झाला. (ही टिपून ठेवण्याची खोडच पुढे त्याच्या कामी आली, असे माझे मत आहे.) १७६८ मध्ये तो पाय कापावाच लागला, तोही आजच्यासारखी भूल देण्याची सोय नसताना. पुढच्याच वर्षी, लाकडी पायावर उभा राहून, त्याने एट्रुरिया नावाचा नवा कारखाना सुरू केला.

दिवस चांगले होते. राणी शार्लटने त्याची सायीच्या रंगाची भांडी पसंत केली होती. थॉमस बेंटलीसारखा रसिक आणि व्यवहारी भागीदार लाभला होता. शोभेच्या फुलदाण्यांसाठी सरदार-उमराव लंडनच्या दुकानात गर्दी करीत.

आणि १७७२ उजाडले. त्या वर्षीच्या जूनमध्ये लंडनची एक मोठी पेढी बुडाली, तिचा एक भागीदार फ्रान्सला पळाला आणि देशभर उधारीचे व्यवहार आखडले. वेजवूडच्या कोठारात माल साचला, हातात रोकड नाही. इतकी वर्षे माल खपतो आहे, नफा दिसतो आहे, मग पैसा जातो कुठे? आपल्या एका फुलदाणीला नेमका किती खर्च येतो, हे त्याला स्वतःलाच धड ठाऊक नव्हते.

तो वह्या घेऊन बसला. माती, मजुरी, कोळसा, फुटतूट, साचे, भाडे, कारकुनांचे पगार असे एकेक कलम त्याने सोडवून पाहिले. तेव्हा लक्षात आले की काही खर्च मालाबरोबर वाढतात, पण साचे घडवणे, भाडे, पगार हे माल थोडा निघो वा पुष्कळ, आपल्या चालीने चालतच राहतात. मुलांना मी रुपयांत सांगतो. समजा, साच्याला शंभर रुपये लागले आणि दर भांड्याला माती-मजुरी दोन रुपये. दहाच भांडी काढली तर एक बारा रुपयांना पडते. शंभर काढली तर तीन रुपयांना. नवनवे नमुने थोडे थोडे काढण्याची हौस किती महागात पडत होती, ते त्याला तेव्हा कळले.

पण खरी हुशारी पुढेच आहे. सगळ्याच मालाची किंमत उतरवली असती तर उमरावांनी पाठ फिरवली असती. महाग आहे म्हणून तर ते घेत होते! तेव्हा नवा नमुना आधी चढ्या भावाने बड्यांना विकायचा, आणि त्यांच्या दिवाणखान्यात तो मिरवून झाला की भाव उतरवून मध्यमवर्गाला पुष्कळ विकायचा, असा बेत त्याने बेंटलीला कळवला. आज बाजारात हेच चालते. त्याने ते मंदीत, गळ्याशी आल्यावर शोधले.

वह्या तपासताना आणखी एक गोष्ट उघडकीस आली. लंडनच्या दुकानातला मुख्य कारकूनच अफरातफर करीत होता. त्याला काढले, दुसरा नेमला, आणि हिशेब दर आठवड्याला लिहून झालाच पाहिजे असा दंडक घातला. लेखापरीक्षणाचे महत्त्व पटवायला मला याहून दुसरे उदाहरण लागत नाही.

पेढी तगली. १७७४ मध्ये रशियाच्या कॅथरिन सम्राज्ञीसाठी केलेला ९५२ नगांचा संच त्याने पाठवण्याआधी लंडनमध्ये मांडला, तो पाहायला लोक लोटले. १७८० मध्ये बेंटली गेला. भट्टीची आच मोजण्याच्या साधनामुळे १७८३ मध्ये रॉयल सोसायटीने वेजवूडला आपल्यात घेतले. ३ जानेवारी १७९५ रोजी तो वारला. चार्ल्स डार्विन हा त्याच्या मुलीचा मुलगा. आजोबा गेल्यावर चौदा वर्षांनी जन्मलेला.

त्याच्या कारखान्यातली एक वस्तू मात्र मला या गणितात बसवता येत नाही. १७८७ मध्ये त्याने साखळदंडातल्या गुलामाची आकृती असलेली छोटी पदके काढली, गुलामांचा व्यापार बंद व्हावा या चळवळीसाठी. साचा करावा लागलाच, मातीही लागली. पदके त्याने स्वखर्चाने वाटली. १७८८ मध्ये काही फिलाडेल्फियाला बेंजामिन फ्रँकलिनकडे पाठवून दिली.