कै. प्रा. रघुनाथ धोंडो कर्वे : संततिनियमनाचे आद्य प्रवर्तक

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत दरवर्षी एका थोर पुरुषाचे चरित्र देण्याची प्रथा आहे. यंदा आम्ही ज्या गृहस्थांची निवड केली आहे, त्यांचे नाव ऐकून काही वडीलधाऱ्या मंडळींच्या कपाळास आठी पडेल, याची आम्हांस कल्पना आहे. परंतु याच अंकाच्या मागील पानांवर उपवर मुलामुलींची यादी छापलेली असते. त्या मुलामुलींस पत्रिका, गोत्र, शिक्षण, वेतन हे सारे विचारले जाते. गर्भधारणा कशी होते, हे मात्र घरात कोणी सांगत नाही. शाळेच्या पुस्तकात पुनरुत्पादनाचा धडा असतो, पण तो घरी वाचा असे सांगून पान उलटणारे शिक्षक आम्ही पुष्कळ पाहिले आहेत. म्हणून हे चरित्र या अंकास शोभेल, असे आमचे मत आहे.

रघुनाथरावांचा जन्म १४ जानेवारी १८८२ रोजी कोकणातील मुरूड येथे झाला. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे ते ज्येष्ठ चिरंजीव. १८९१ साली त्यांची आई राधाबाई बाळंतपणात निवर्तली. तेव्हा ते नऊ वर्षांचे होते. त्या काळी अशी घरे घरोघर होती असे म्हणावे इतके हे मरण सामान्य होते. दोन वर्षांनी अण्णांनी गोदूबाई या विधवेशी विवाह केला आणि जातीचा बहिष्कार पत्करला. समाज एखाद्या कुटुंबास कसा वाळीत टाकतो, हे रघुनाथास बालपणीच कळून चुकले.

बुद्धी अशी की १८९९ च्या मॅट्रिक परीक्षेत ते पहिले आले. पुढे फर्ग्युसन कॉलेजातून १९०४ साली बी. ए. होऊन ते गणिताचे अध्यापक झाले. १९१९ साली ते पॅरिसला गेले व तेथून गणितातील पदविका घेऊन परतले. गणिताचा मनुष्य या विषयाकडे कसा वळला, असा प्रश्न पुष्कळांस पडतो. आमच्या मते त्यात नवल नाही. उत्तर पटो वा न पटो, मांडणी बरोबर असेल तर ते लिहिलेच पाहिजे, ही गणिताची शिस्त त्यांनी आयुष्यभर पाळली.

१९२१ साली त्यांनी मुंबईत आपल्या राहत्या घरी संततिनियमनाचे केंद्र उघडले. लंडनमध्ये मेरी स्टोप्स बाईंनी दवाखाना काढला, तेही हेच वर्ष. विलायतेच्या मागे पन्नास वर्षे चालणाऱ्या आपल्या देशात ही गोष्ट एकाच वर्षी व्हावी, याचे आम्हांस अद्याप कौतुक वाटते. पत्नी मालतीबाई या कामात त्यांच्या पाठीशी उभ्या राहिल्या. उभयतांनी मूल होऊ न देण्याचा निश्चय केला होता, आणि त्यासाठी रघुनाथरावांनी स्वतःवर शस्त्रक्रिया करून घेतली. उपदेश दुसऱ्यांस आणि पथ्य बायकोला, असा प्रकार त्यांच्या घरी नव्हता.

त्या वेळचे अज्ञान केवढे होते, हे आजच्या वाचकांस सांगितले पाहिजे. जनावरांच्या माजावरून अनुमान काढून विटाळ संपताच गर्भ राहतो आणि महिन्याचे मधले दिवस निर्धोक असतात, असे युरोपातील मोठमोठे डॉक्टरही मानीत. वस्तुस्थिती अगदी उलट आहे. स्त्रीच्या बीजकोशातून महिन्यातून बहुधा एकच स्त्रीबीज सुटते, आणि ते पुढील पाळीच्या सुमारे चौदा दिवस आधी सुटते. ते जेमतेम एक दिवस टिकते. पुरुषबीज मात्र स्त्रीच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत जिवंत राहू शकते. दोहोंचा संयोग गर्भनलिकेत होतो, आणि सुमारे आठवड्याने तो गर्भ गर्भाशयाच्या अस्तरात रुजतो. म्हणजे जे दिवस निर्धोक म्हणून पाळीत, तेच नेमके धोक्याचे होते! जपानच्या ओगिनो यांनी १९२४ साली व ऑस्ट्रियाच्या क्नाउस यांनी त्यानंतर चार वर्षांनी हे दाखवून दिले. पाळी मागेपुढे होणाऱ्या स्त्रीने आजही केवळ दिवसांच्या हिशोबावर विसंबू नये. मूल अंगावर पीत असेपर्यंत दिवस राहत नाहीत, ही समजूतही अर्धीच खरी आहे. पहिले सहा महिने, मूल केवळ अंगावरच पीत असेल आणि पाळी आली नसेल, तोवरच तिचा आधार, पुढे नाही.

रघुनाथरावांच्या काळी पुरुषाने वापरायची रबरी पिशवी, स्त्रीने गर्भाशयाच्या मुखावर बसवायची टोपी व पुरुषबीज मारणारी औषधे, अशी साधने होती. ही साधने दिवसांच्या हिशोबावर अवलंबून नव्हती, हे त्यांचे बळ. १९२३ साली त्यांनी या विषयावर मराठीत पुस्तक लिहिले. त्याचे फळ १९२५ साली मिळाले. ते ज्या विल्सन कॉलेजात शिकवीत, ते मिशनऱ्यांचे. तेथील नोकरी त्यांस सोडावी लागली.

जुलै १९२७ मध्ये त्यांनी समाजस्वास्थ्य हे मासिक काढले. मुखपृष्ठावर नग्न स्त्रीचे चित्र आणि आत वाचकांच्या खाजगी प्रश्नांस सरळ उत्तरे. चित्राविषयी आमचे मत निराळे आहे. त्यामुळे कित्येक सद्गृहस्थांस मासिक उशीखाली दडवावे लागले असेल. पण ती उत्तरे वाचून किती स्त्रियांचे प्राण वाचले असतील, याचा हिशोब कोण ठेवणार? सनातनी मंडळींनी अश्लीलतेचे खटले भरले. १९३१ साली शंभर रुपये दंड झाला. १९३४ साली पुन्हा खटला झाला, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकर बचावास उभे राहिले. खटला हरला व दोनशे रुपये दंड झाला. पण बाबासाहेबांनी विषय सोडला नाही. १९३८ साली त्यांच्या पक्षाने मुंबई विधानसभेत संततिनियमनाचा ठराव आणला. अकरा मते अनुकूल, बावन्न प्रतिकूल! महात्मा गांधींचाही कृत्रिम साधनांस विरोध होता. संयम हाच त्यांचा मार्ग. एवढ्या थोरांच्या विरुद्ध जाऊन महिन्यामागून महिना मासिक काढणे म्हणजे काय, हे ज्यांनी एखादे नियतकालिक पदरमोड करून चालविले असेल त्यांनाच समजेल.

१९४४ साली मालतीबाई गेल्या. रघुनाथराव एकटे राहिले, पण अंक चुकला नाही. १९५२ साली भारत सरकारने कुटुंबनियोजन हा राष्ट्रीय कार्यक्रम म्हणून स्वीकारला. असे करणारा आपला देश जगात पहिला. ज्या कार्याबद्दल दंड झाला, तेच सरकारी धोरण ठरले. त्यांच्या सहकारी शकुंतलाबाई परांजपे पुढे याच कार्यासाठी मान्यता पावल्या व १९६४ साली राज्यसभेवर नियुक्त झाल्या.

आज गोळ्या, तांबी, इंजेक्शन, नसबंदी अशी अनेक साधने सरकारी दवाखान्यात मिळतात. कोणते कोणास सोसेल, हे डॉक्टरांस विचारावे, शेजारणीस नव्हे. पण एक आकडा आम्हांस टोचतो. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय पाहणीत शस्त्रक्रिया झालेल्या विवाहित स्त्रिया शेकडा जवळजवळ ३८ आढळल्या, आणि पुरुषांची शस्त्रक्रिया शेकडा ०.३ जोडप्यांत. वास्तविक पुरुषाची शस्त्रक्रिया अधिक सोपी. पोट उघडावे लागत नाही, पुरुषत्वास बाध येत नाही. फक्त नंतर तीन महिने दुसरे साधन वापरून तपासणी करून घ्यावी लागते. जे रघुनाथरावांनी स्वतः केले, त्यास आपल्या घरचे किती कर्ते पुरुष तयार आहेत?

१४ ऑक्टोबर १९५३ रोजी रघुनाथरावांचे देहावसान झाले. पंचाण्णव वर्षांचे वडील तेव्हा हयात होते. समाजस्वास्थ्यचा शेवटचा अंक नोव्हेंबरमध्ये निघाला आणि सव्वीस वर्षे चाललेले ते मासिक बंद पडले.