चुलीपर्यंत पोचलेले अर्थशास्त्र

नगर-सोलापूर रस्त्यावरील मिरजगाव हे कर्जत तालुक्यातील अवर्षणग्रस्त गाव. कर्जत, जामखेड, पाथर्डी हा सारा पट्टाच ऊसतोडीला जाणाऱ्यांचा. तेथे नवरा-बायको मिळून 'एक कोयता' मोजला जातो. उचल नवऱ्याच्या नावावर, बाईच्या घामाचा वेगळा हिशेब नाही. हा हिशेब मागणारा अर्थतज्ज्ञ आपल्या घराघरात फोटोच्या रूपाने आहे. पण जयंतीत घटनाकार बाबासाहेब मिरवतात, अर्थतज्ज्ञ बाबासाहेब कपाटातच राहतात.

बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर ते १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेले. १९१६ च्या निबंधात त्यांनी जातीचे मूळ लग्नव्यवहारात शोधले. जात टिकवायची तर बाईला जखडावे लागते, बालविवाह आणि सक्तीचे वैधव्य त्यातूनच येते, हे त्यांनी दाखवून दिले. १९१८ साली लहान शेतजमिनींवर लिहिताना त्यांनी वेगळेच दुखणे दाखवले. तुकडे लहान आहेत हा मूळ रोग नव्हे. भांडवल कमी आणि जमिनीवर राबणारे हात गरजेपेक्षा जास्त, हा रोग. हे जादा हात उद्योगात न्या, असे त्यांचे म्हणणे. याच्या जवळचा विचार आर्थर लुईस यांनी १९५४ मध्ये मांडला, पुढे त्यांना नोबेल मिळाले. आमच्या किती प्राध्यापकांनी वर्गात हे सांगितले?

हे ज्ञान केवळ पुस्तकी नव्हते. ते परदेशात शिकत असताना रमाईने घर अतोनात हलाखीत चालवले. पाचपैकी चार लेकरे या दांपत्याने गमावली.

१९२८ साली मुंबई कायदेमंडळात त्यांनी महार वतनाचे विधेयक आणले. वतनदार गावात नसला तर त्याच्या घरच्या माणसाला कामाला जुंपत. तुटपुंज्या मोबदल्यात सारे कुटुंब बांधलेले, हीच त्यांची तक्रार. त्याच वर्षी गिरणीतील बाईला बाळंतपणाचा भत्ता मिळावा म्हणूनही ते बोलले. नोव्हेंबर १९३८ मध्ये संततिनियमनाचा ठराव विधानसभेत आला. तो मांडला स्वतंत्र मजूर पक्षाचे नगरचे आमदार पी. जे. रोहम यांनी. आपल्याच जिल्ह्याचा माणूस, पण त्यांचे नाव आज जिल्ह्यातही कोणी घेत नाही! ठराव फेटाळला गेला.

१९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूर खाते त्यांच्याकडे होते. कारखान्यात आठवड्याला ४८ तासांची मर्यादा आली, खाणीतील बायांच्या बाळंतपण भत्त्याचा कायदा सुधारला गेला.

पुढे कायदामंत्री म्हणून त्यांनी हिंदू कोड बिलात मुलीला मुलाइतका वाटा मागितला. सनातन्यांनी गदारोळ केला, काँग्रेसने कच खाल्ली. २७ सप्टेंबर १९५१ रोजी बाबासाहेबांनी मंत्रिपद सोडले. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला जन्मतः हक्क मिळायला महाराष्ट्रात १९९४ आणि देशात २००५ साल उजाडले.