खरा सल्ला : कै. चिंतामणराव देशमुख

नळाची नवी शाखा कोणत्या आळींतून न्यावी, गटार कोठें वळवावें, जुन्या धक्क्याची डागडुजी करावी कीं नवा बांधावा, असे प्रश्न आपल्या नगरपरिषदांपुढें नेहमीं येतात. दिसावयास ते क्षुल्लक. परंतु ज्याच्या दारीं पाणी येत नाहीं, त्यास ते क्षुल्लक नसतात. सभासदांत कोणी दुकानदार, कोणी शेतकरी, कोणी वकील. प्रत्येकानें सांखळी घेऊन स्वतः मोजणी करावी, हें शक्य नाहीं. अभियंत्याचें माप व कारकुनाचा हिशेब खरा मानूनच ते हात वर करतात. मापच चुकलें, तर सभासद प्रामाणिक असूनहि निर्णय चुकतो. सल्ला देणाऱ्याची जबाबदारी केवढी असते, हें आमच्याच जिल्ह्यांतील एका थोर पुरुषाच्या चरित्रावरून चांगलें कळतें. म्हणून तें येथें थोडक्यांत देत आहों.

चिंतामण द्वारकानाथ देशमुख यांचा जन्म १४ जानेवारी १८९६ रोजीं रायगड किल्ल्याजवळील नाते या गांवीं झाला. वडील रोह्यास वकिली करीत. १९१२ सालीं चिंतामणराव मॅट्रिकच्या परीक्षेंत पहिले आले व संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ति त्यांनीं मिळविली. पुढें केंब्रिज येथें वनस्पतिशास्त्रांत त्यांनीं बक्षीस मिळविलें आणि १९१८ सालीं आय. सी. एस. परीक्षेंतहि पहिला क्रमांक पटकाविला.

नोकरीचीं पहिलीं वीस वर्षें मध्यप्रांत व वऱ्हाडांत गेलीं. तेथें त्यांनीं जमाबंदीचें काम केलें. जमिनीचा कस पाहावयाचा, प्रतवारी लावावयाची आणि त्यावरून सारा ठरवावयाचा, असें हें काम. एका शेताची प्रत चुकली, तर त्या चुकीचा भार शेतकऱ्यानें वर्षानुवर्षें वाहावयाचा. पुढें ते प्रांताचे अर्थसचिव झाले. १९३५ च्या कायद्यानें प्रांतांना नवे अधिकार मिळावयाचे होते, व कोणत्या प्रांतास किती पैसा द्यावा हें ठरविण्यासाठीं सर ऑटो नीमायर यांची चौकशी झाली. तींत मध्यप्रांताची बाजू देशमुखांनीं मांडली. अशा चौकशींत मोठ्या आवाजाचा उपयोग नसतो. कागदावरील आंकडा टिकला, तरच मागणी टिकते.

१९३९ मध्यें ते रिझर्व्ह बँकेंत आले आणि १९४३ सालीं बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. १९४४ सालीं ब्रेटन वुड्स येथील आंतरराष्ट्रीय परिषदेंत ते हिंदुस्थानचे एक प्रतिनिधि होते. १ जानेवारी १९४९ रोजीं बँक राष्ट्राच्या मालकीची झाली, तेव्हां गव्हर्नर तेच होते. कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेचेहि ते अनेक वर्षें अध्यक्ष होते.

१९५० सालीं चिंतामणराव देशाचे अर्थमंत्री झाले. आजवर ते सल्ला देत आले होते. आतां सल्ला घेऊन निर्णय करण्याची पाळी त्यांच्यावर आली. त्याच वर्षीं राष्ट्रीय नमुना पाहणी सुरू झाली. घरोघर जाऊन लोक काय खातात, कशावर किती खर्च करतात, हें विचारण्याची ही योजना होती. हेतु हाच कीं, दिल्लींत बसून ठरविणाऱ्यांनीं अंदाजानें ठरवूं नये. १९५२ च्या निवडणुकींत आमच्या कुलाबा जिल्ह्यानें त्यांस लोकसभेंत पाठविलें.

परंतु खरी कसोटी १९५६ सालीं लागली. मुंबई महाराष्ट्रापासून वेगळी ठेवून केंद्राच्या ताब्यांत देण्याचें जाहीर झालें. मंत्रिमंडळांत रीतसर विचार न होतां असा निर्णय जाहीर व्हावा, हें देशमुखांना मान्य झालें नाहीं. मुंबईंत लोकांवर झालेल्या गोळीबाराची चौकशी व्हावी, असेंहि त्यांचें म्हणणें होतें. तें ऐकिलें गेलें नाहीं, तेव्हां त्यांनीं मंत्रिपद सोडलें. निर्णय करण्याचा अधिकार मंडळाचा, हें त्यांस मान्य होतें. मात्र त्या मंडळास विचारावयासच हवें, हा त्यांचा आग्रह होता. चार वर्षांनीं, १ मे १९६० रोजीं, मुंबईसह महाराष्ट्र राज्य झालें.

पुढें विद्यापीठ अनुदान मंडळाचे अध्यक्ष व दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरु म्हणून त्यांनीं काम केलें. १९५९ सालीं त्यांस मॅगसेसे पारितोषिक मिळालें. कालिदासाचें मेघदूतहि त्यांनीं मराठींत आणिलें. २ मे १९८२ रोजीं हैदराबाद येथें त्यांचें निधन झालें.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यांतून देशाचा अर्थमंत्री होणारा एखादाच निघेल. परंतु कारकून, ओव्हरसियर, शिक्षक, तलाठी पुष्कळ निघतील, आणि नगरपरिषदेचे सभासदहि निघतील. सभासद झालांत, तर हात वर करण्यापूर्वीं कागद वाचा व न समजलें तें विचारा. नोकर झालांत, तर साहेबास आवडेल तें माप लिहूं नका. जमिनीवर भरेल तें लिहा. मोजलें नसेल, तर मोजलें नाहीं असें सांगा. तुमच्या एका आंकड्यावर कोणाच्या तरी दारचें पाणी अवलंबून असेल.