आठ वस्तूंचा प्रवासी : धर्मानंद कोसंबी

बौद्ध भिक्षूने जवळ बाळगावयाच्या वस्तू आठ : तीन चीवरे, एक भिक्षापात्र, कमरेचा पट्टा, वस्तरा, सुई आणि पाणी गाळण्याचे फडके. पाली वाङ्मयात यांना अष्टपरिष्कार म्हटले आहे. या यादीकडे आम्ही नेहमीच कुतूहलाने पाहतो. सुई आहे, म्हणजे फाटलेले टाकावयाचे नाही, शिवावयाचे. गाळणे आहे, म्हणजे स्वतःची तहान भागविताना पाण्यातील जीवाचाही विचार करावयाचा. ज्या थोड्या मराठी माणसांनी विसाव्या शतकाच्या आरंभी एवढ्याच वस्तूंवर देशोदेशींचा प्रवास केला, त्यांत धर्मानंद दामोदर कोसंबी यांचे नाव अग्रभागी आहे.

गोमंतकातील साखवाळ येथे ९ ऑक्टोबर १८७६ रोजी त्यांचा जन्म झाला. घरी नारळीच्या बागा होत्या. शालेय शिक्षण फारसे झाले नाही. ‘बालबोध मेवा’ या मुलांच्या मासिकातील बुद्धचरित्र वाचून त्यांच्या मनाने जो ध्यास घेतला, तो मात्र अखेरपर्यंत सुटला नाही. बुद्धाचा धर्म मुळातून समजून घ्यावयाचा, हा तो ध्यास. १८९९ च्या अखेरीस त्यांनी घर सोडले. पुण्यास डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांची भेट झाली आणि प्रथम संस्कृत शिकण्याचा मार्ग ठरला. पुढे ग्वाल्हेर आणि मग काशी. काशीत अन्नछत्रातील जेवणावर राहून त्यांनी शास्त्र्यांजवळ अध्ययन केले. जवळ काही नसल्यामुळे विद्या अडली नाही. उलट सांभाळावयाचे काहीच नसल्यामुळे उठून पुढे जाणे सोपे होते.

काशीहून ते डोंगरवाटा तुडवीत नेपाळला गेले. तेथे धर्माची जी अवस्था दिसली, तिने त्यांची निराशा झाली. मग बुद्धगया, कलकत्ता आणि १९०२ मध्ये सिंहलद्वीप. कोलंबोच्या विद्योदय विद्यालयात महास्थविर सुमंगल यांच्या छायेत त्यांनी श्रामणेर दीक्षा घेतली व पालीचा अभ्यास आरंभिला. तेथील आहार प्रकृतीस मानवेना, म्हणून परत येऊन ते ब्रह्मदेशास गेले. त्यानंतर भिक्षुवेषात कुशीनगर, सारनाथ, राजगृह अशा बुद्धाच्या पावलांनी पुनीत झालेल्या स्थळी त्यांनी वास्तव्य केले. आज आमच्या पालकांच्या सहली या स्थळांना जातात, तेव्हा सामानासाठी बसच्या टपावरही जागा पुरत नाही. हे टीकेने नव्हे, कौतुकानेच लिहितो. लेकरे-म्हातारी माणसे बरोबर असतात. पण ज्याने ही वाट पात्र आणि चीवरानिशी केली, त्याची आठवण तेथे व्हावी.

येथे एका गोष्टीची नोंद केल्यावाचून पुढे जाणे आम्हांस योग्य वाटत नाही. धर्मानंदांनी घर सोडले तेव्हा पत्नी बाळाबाई आणि लहानगी कन्या माणिक मागे राहिल्या. परतण्याची निश्चिती नसलेल्या पतीची वाट पाहत बाळाबाईंनी ती वर्षे काढली. अपरिग्रहाचे पुण्य एकाच्या नावे जमा होते आणि त्याचे मोल पुष्कळदा दुसऱ्यानेही भरलेले असते. चरित्रकारांनी पतीचा प्रवास जितका रंगविला, तितके या माउलीच्या धैर्याकडे पाहिले नाही, असे आमचे मत आहे.

१९०६ मध्ये त्यांनी चीवर उतरवले आणि ते कलकत्त्यास पाली शिकवू लागले. ज्यासाठी वस्तू सोडल्या ते ज्ञान हाती आले होते. आता ते वाटावयाचे होते. याच काळात त्यांच्या विरक्तीची खरी कसोटी लागली. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी महिना पन्नास रुपये देऊ केले. अट एवढीच, की महाराष्ट्रात कोठेही राहावे व वर्षाकाठी एक ग्रंथ लिहावा. कलकत्ता विद्यापीठाचे वेतन याहून कितीतरी अधिक होते. संसार होता, १९०७ मध्ये पुत्र दामोदर जन्मला होता. तरीही त्यांनी पन्नास रुपये पत्करले, कारण त्यांना आपल्या माणसांसाठी मराठीत लिहावयाचे होते. ‘बुद्ध, धर्म आणि संघ’ हे पुस्तक १९१० साली आले. पुढे ‘भगवान बुद्ध’ आला. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर ज्या घरांत धम्माचे वाचन सुरू झाले, त्यांतील कित्येकांत हे ग्रंथ पोहोचले.

१९१० मध्ये ते अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात गेले. वॉरन या दिवंगत विद्वानाने अपुरे ठेवलेले ‘विसुद्धिमग्ग’ या पाली ग्रंथाचे संपादन पुरे करावयाचे होते. तेथे प्राध्यापक लानमन यांच्याशी कामाच्या श्रेयावरून मतभेद झाले व १९१२ मध्ये ते परतले. पैसा आणि वस्तू सहज सोडणारा हा मनुष्य स्वतःच्या श्रमावरील नाव सोडावयास तयार नव्हता. आम्हांस यात विसंगती दिसत नाही. परिग्रह वेगळा आणि न्याय वेगळा.

पुढे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात पालीचे अध्यापन, पुन्हा हार्वर्ड, गुजरात विद्यापीठ, लेनिनग्राड. मिठाच्या सत्याग्रहात त्यांनी तुरुंगवासही भोगला. मुंबईत परळच्या कामगार वस्तीत त्यांनी बहुजन विहार उभारला आणि काही काळाने तोही मागे ठेवून ते निघाले. स्वतः उभारलेली वास्तू सोडणे हे भिक्षापात्रावर राहण्यापेक्षा कठीण असावे.

अखेरच्या वर्षांत त्यांनी पार्श्वनाथाच्या चातुर्याम धर्मावर लिहिले. अहिंसा, सत्य, अस्तेय आणि अपरिग्रह हे ते चार याम. शरीर थकल्यावर त्यांनी अन्न सोडण्याचा संकल्प केला; गांधीजींच्या आग्रहाने तो एकदा थांबविला. पुढे पुन्हा उपोषण सुरू झाले आणि ४ जून १९४७ रोजी सेवाग्राम येथे त्यांचे देहावसान झाले. त्यांचा हा शेवटचा निर्णय अनुकरणीय म्हणून आम्ही मुलांसमोर ठेवत नाही. मध्यम मार्ग शिकविणाऱ्या संस्थेला तो ठेवताही येणार नाही.

‘विसुद्धिमग्गा’ची त्यांनी सिद्ध केलेली नागरी आवृत्ती १९४० मध्ये मुंबईच्या भारतीय विद्या भवनाने काढली होती. हार्वर्डची आवृत्ती १९५० साली, त्यांच्या निधनानंतर तीन वर्षांनी, प्रसिद्ध झाली. तिच्यावर वॉरन यांच्याबरोबर धर्मानंद कोसंबी हे नाव छापलेले आहे.